लेगोलँड मलेशियाच्या हॉटेलात मुलांसह एक रात्र राहावे का?

गोदाकाठ (नाशिक) यांचा प्रश्न

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण सिंगापूरला जाण्याच्या विचारात आहोत. आम्ही दोघे, साडेसात वर्षांचा मुलगा, साडेतीन वर्षांची मुलगी आणि माझ्या सासूबाई. सासूबाई ६६ वर्षांच्या असून त्यांचा हा पहिलाच परदेश प्रवास आहे. एकूण सहा रात्री हाताशी आहेत. त्यांपैकी एक रात्र सीमेपलीकडे, मलेशियातील जोहोर राज्यात, लेगोलँड या मुलांच्या मनोरंजन पार्कच्या हॉटेलात काढावी की सिंगापुरातूनच सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावे, या एकाच मुद्द्यावर आमच्या घरात तीन आठवडे एकमत होत नाही, म्हणून येथे विचारत आहे.

मुलाला लेगोचे, म्हणजे एकमेकींत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांच्या खेळाचे, वेड पहिलीत असल्यापासून आहे. शाळेतून आला की दप्तर खुर्चीवर आणि हात थेट पलंगाखालच्या डब्यात, हा रोजचा क्रम. या हॉटेलातील खोलीचे चित्रीकरण त्याने कोठेतरी पाहिले आणि तेव्हापासून चित्रकलेच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्या खोलीचा नकाशाच काढून ठेवला आहे: एका बाजूला आईबाबांचा पलंग, मध्ये आडभिंत, पलीकडे मुलांचे वर-खाली पलंग, त्यांची शिडी आणि कोपऱ्यात तिजोरी. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते पान दाखवले जाते. त्याच्या वडिलांचे म्हणणे असे की हॉटेल हे पाठ टेकण्यापुरते असते, मुलांना पार्क हवे असते आणि पार्क तर दिवसाच्या सहलीतही मिळतेच. आमच्या सहल कंपनीनेही दिवसाचीच सहल सुचवली आहे. खर्चाचा विचार केला तर त्या एका रात्रीत सिंगापुरातील साध्या हॉटेलातील दोन रात्री सहज निघतील, हेही खरे आहे.

माझी काळजी थोडी निराळी आहे. मुलगी दुपारी दीड-दोन तास झोपल्याशिवाय राहत नाही आणि झोप मोडली तर संध्याकाळ सर्वांचीच अवघड जाते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या शुद्ध शाकाहारी आहेत आणि दिवसभर त्यांना कोठेतरी बाकावर बसवून आम्ही हिंडत राहावे हे मला पटत नाही. ज्यांनी मुलांना आणि घरातील मोठ्यांना घेऊन तेथे मुक्काम केला आहे, त्यांनी सीमा ओलांडणे, जेवण, पाऊस आणि मुख्य म्हणजे हॉटेलात राहण्याचा खरोखर काही उपयोग होतो का, याविषयी सविस्तर लिहावे ही विनंती.

जुरोंगवासी (सिंगापूर) यांचे उत्तर

ताई, नमस्कार.

आम्ही गेली बारा वर्षे सिंगापूरच्या पश्चिम भागात राहतो. भारतातून कोणी मुलांसह आले की लेगोलँडचा विषय निघतोच, त्यामुळे आतापर्यंत तीनदा मुक्कामाला आणि दोनदा दिवसापुरते जाणे झाले आहे. तुमचा मुलगा साडेसात वर्षांचा आहे आणि खोलीचा नकाशा काढून बसला आहे, तेव्हा माझे उत्तर 'जरूर राहा' असेच आहे. मात्र राहायचे तर हॉटेलसाठी वेळ राखून ठेवा. पाहुण्यांकडून होणारी चूक मी वारंवार पाहिली आहे: सकाळी पार्क, दुपारी वॉटर पार्क, संध्याकाळी सातला पेंगुळलेली मुले घेऊन खोलीत प्रवेश आणि दुसऱ्या दिवशी नाश्ता उरकून लगेच सिंगापूरकडे प्रयाण. मग पैसे वाया गेल्याची चुटपुट लागते, आणि ते खरोखरच वाया गेलेले असतात.

ही हॉटेले कशी बांधली आहेत ते समजले की हा मुद्दा लक्षात येईल. जोहोरमधील पार्क सप्टेंबर २०१२ मध्ये सुरू झाले. आशियातील ते पहिले लेगोलँड. पुढच्या वर्षी त्याला लागून २४९ खोल्यांचे हॉटेल आले. चाचे, राजेरजवाड्यांचा किल्ला, साहसी मोहीम आणि निन्जागो (लेगोचीच निन्जा योद्ध्यांची कथामालिका) अशा संकल्पनांवर खोल्या सजवल्या आहेत. सजावट म्हणजे केवळ भिंतीवरचे चित्र नव्हे. गालिचा, पडदे, दिवा, आरशाची चौकट असे सगळे त्या एका कथेतले असते आणि मध्येमध्ये खऱ्या लेगोच्या विटांनी बांधलेले प्राणी, पोपट, मुखवटे बसवलेले असतात. मोठ्यांचा पलंग एकीकडे आणि मुलांचा कोपरा वेगळा. त्या कोपऱ्यात वर-खाली पलंग, खालून ओढून काढायचा तिसरा पलंग, मुलांचा वेगळा टीव्ही आणि विटांचा डबा असतो. तुमच्या मुलाचा नकाशा अगदी बरोबर आहे.

त्याने काढलेली तिजोरी हाच त्या खोलीचा प्राण आहे. खोलीत एक कागद ठेवलेला असतो, त्यावर काही प्रश्न असतात: अमुक वस्तू खोलीत किती, तमुक चित्रे किती. मोजून आलेले आकडे क्रमाने लावले की कुलूप उघडते आणि आत मुलांसाठी लहानशी लेगोची भेट असते. माझा भाचा आठ वर्षांचा असताना आम्ही राहिलो होतो, त्या वेळी त्याने गालिच्यावर पालथे पडून मोजणी केली. कुलूप उघडेना. पुन्हा मोजले, पुन्हा उघडेना. शेवटी माझ्या आईने चष्मा पुसला, पडदा बाजूला सारला आणि पडद्यामागच्या भिंतीवरचे एक चित्र त्याला बोटाने दाखवले. कुलूप उघडले तेव्हा मुलाने जी आरोळी ठोकली ती शेजारच्या खोलीतही ऐकू गेली असणार. आतल्या भेटवस्तूची किंमत फार नसेल, पण तो पाऊण तास आजही आमच्या घरात निघतो. पार्कातले कोणते पाळणे आवडले होते ते त्याला विचारले तर आठवावे लागते.

हे सगळे अनुभवायला दुपारचे चार वाजल्यापासूनचा वेळ हवा. खोली साधारण त्याच वेळेला ताब्यात मिळते. तोवर सामान स्वागतकक्षात ठेवून घेतात. तेथील दालनात विटांनी भरलेला मोठा हौद आहे. मुले त्यात गुडघाभर उतरून खेळतात आणि विटा उपसण्याचा खडखडाट अखंड चालू असतो. लिफ्टचे दार लागले की आत रंगीत दिवे फिरतात आणि गाणे सुरू होते. त्यामुळे मुले विनाकारण चार वेळा वरखाली करतात, त्यांना करू द्यावे. कर्मचाऱ्यांच्या छातीवर लेगोच्या छोट्या बाहुल्या लावलेल्या असतात आणि मुलाने आपली बाहुली पुढे केली तर ते अदलाबदल करतात. घरून दोन-तीन जुन्या बाहुल्या खिशात घालून न्या. अनोळखी माणसाशी स्वतः जाऊन बोलण्याचे धैर्य त्या एका निमित्ताने मुलांना येते, हे मी माझ्या लाजाळू मुलीच्या बाबतीत पाहिले आहे.

आता सीमेविषयी. भारतीय पारपत्रधारकांना १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही आणि ही सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवलेली आहे. मात्र प्रवेशापूर्वीच्या तीन दिवसांत मलेशियाचे डिजिटल आगमन पत्र ऑनलाइन भरावे लागते, तेही प्रत्येकाचे स्वतंत्र, साडेतीन वर्षांच्या मुलीचेसुद्धा. परत येताना सिंगापूरचेही आगमन पत्र नव्याने भरायचे असते, ते लोक विसरतात. तुमच्या सिंगापूर व्हिसावर एकापेक्षा अधिक प्रवेशांची मुभा आहे ना, हे छापील प्रतीवर स्वतः वाचून घ्या. सहल कंपनीच्या तोंडी सांगण्यावर विसंबू नका, कारण जोहोरहून परतणे हा सिंगापुरातील दुसरा प्रवेश ठरतो.

सीमेचे रस्ते दोन आहेत: उत्तरेकडचा वुडलँड्सचा आणि पश्चिमेकडचा तुआसचा. लेगोलँड तुआसच्या पुलापासून अगदी जवळ आहे, गर्दी नसेल तर सिंगापूर शहरातून तासाभरात पोहोचता येते. बसने गेलात तर सिंगापूरच्या बाजूला एकदा आणि मलेशियाच्या बाजूला एकदा असे दोनदा सामानासह उतरून रांगेत उभे राहावे लागते. सासूबाईंचे गुडघे आणि झोपाळू मुलगी यांचा विचार करता सीमापार वाहतुकीचा परवाना असलेली मोठी गाडीच ठरवा. तीत बसल्याबसल्याच दोन्हीकडची पारपत्र तपासणी होते. परवान्याची खात्री करून घ्या, कारण विनापरवाना गाड्यांवर सिंगापुरात कडक कारवाई होते.

तारखांबाबत एक महत्त्वाची गोष्ट. दीपावली ही सिंगापुरातही सार्वजनिक सुट्टी आहे आणि मलेशियातही. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आणि जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी सीमेवर कित्येक तासांची रांग लागते. शिवाय नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सिंगापूरच्या शाळांना वर्षाअखेरची मोठी सुट्टी लागते आणि हॉटेलचे दर लगेच चढतात. तुमची सुट्टी नोव्हेंबरच्या पूर्वार्धात असेल तर सोमवार ते गुरुवार यांमधली रात्र धरा. ज्या दिवशी दीपावली असेल तो दिवस सिंगापुरातच लिटल इंडिया या भारतीय वस्तीच्या भागात घालवा. रस्त्यावरची रोषणाई आणि फुलांच्या माळांचे ढीग पाहून सासूबाईंना परक्या देशात आल्यासारखे वाटणार नाही.

भोरघाट (पुणे) यांचे उत्तर

वरील प्रतिसाद उत्तम आहे, तरी दुसरी बाजूही मांडावीशी वाटते. आम्ही तेथे दिवसाच्या सहलीने गेलो होतो. मुले तेव्हा नऊ आणि सहा वर्षांची होती आणि आम्हाला काहीही राहून गेल्यासारखे वाटले नाही. पार्क साधारण सकाळी दहाला उघडते आणि संध्याकाळी सहाला बंद होते. तेवढा वेळ पुरला. मी स्वतः अभियंता असल्याने मिनीलँडमध्येच दीड तास रमलो. आशियातील प्रसिद्ध वास्तू तेथे एकास वीस या प्रमाणात विटांनी उभारल्या आहेत आणि छोट्या आगगाड्या, बोटी, माणसे त्यांमधून हलत असतात. आठ गाठींच्या एकाच रंगाच्या फक्त सहा विटा घेतल्या तरी त्या ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, हे मी तेथेच मुलांना सांगितले. त्यानंतर मोठ्या मुलाने घरी येऊन वहीत मोजायला सुरुवात केली आणि दोन विटांच्या चोवीस जोडण्या स्वतः काढून दाखवल्या. मुलांचा लेगो घडला तो डेन्मार्कमधील बिलुंड या खेड्यातल्या एका सुताराच्या कारखान्यात, १९३२ पासून, हेही जाण्यापूर्वी सांगून ठेवले तर पाहण्यात अर्थ येतो.

मुक्काम करणार असाल तर एका बाबतीत सावध करतो. हा प्रसंग लेगोलँडमधला नाही. आम्ही दुसऱ्या एका देशात मुलांसाठी सजवलेल्या एका हॉटेलात राहिलो होतो, त्याचे नाव येथे लिहीत नाही. खोलीत वर-खाली पलंग होते. धाकटा तेव्हा चार वर्षांचा होता, त्याने वर झोपण्याचा हट्ट धरला आणि आम्हीही प्रवासाने थकलेलो असल्याने 'झोपू दे एक रात्र' म्हणून दुर्लक्ष केले. पहाटे तीनच्या सुमारास शिडीवरून उतरताना पाय सुटला आणि तो खाली पडला. सुदैवाने हाड मोडले नाही, पण हनुवटीला तीन टाके पडले. अनोळखी गावात रात्री दवाखाना शोधत फिरण्याची वेळ आली. हॉटेलच्या पाळीवरच्या कर्मचाऱ्याला जवळचे रुग्णालय कोठे आहे हेही सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी तक्रार केली तर 'पलंगावर सूचना लावलेली आहे' एवढेच उत्तर मिळाले. सूचना खरोखर होती, सहा वर्षांखालील मुलांना वर झोपवू नये अशी, आणि ती मी वाचली नव्हती. चूक माझीच होती, म्हणून येथे लिहितो आहे. ताई, तुमच्या मुलीला खालीच झोपवा, शिडी रात्री सरकवता येत असेल तर सरकवा, न्हाणीघराचा दिवा चालू ठेवा आणि खोलीत शिरल्याबरोबर स्वागतकक्षातून जवळच्या रुग्णालयाचे नाव आणि दूरध्वनी लिहून घ्या. प्रवास विमा पाचही जणांचा काढा. सासूबाईंच्या विम्यात आधीपासूनच्या आजारांचा समावेश आहे का, ते विचारून घ्या.

पंचगंगा (कोल्हापूर) यांचे उत्तर

बाळ, मी स्वतः आजी आहे, वय ६९. तुमच्या सासूबाईंच्या बाजूने दोन शब्द लिहिते.

मुलगा-सून आणि दोन नातवंडांबरोबर मी गेल्या वर्षी त्याच हॉटेलात एक रात्र राहिले. माझाही गुडघ्याचा त्रास जुना आहे. दिवसाची सहल असती तर मी सिंगापुरातल्या खोलीतच बसून राहिले असते, हे मी खात्रीने सांगते. मुक्काम असल्यामुळे वेगळेच घडले. हॉटेलमधून पार्कचे प्रवेशद्वार चालत दोन-तीन मिनिटांवर आहे. सकाळी सर्वांबरोबर गेले, मिनीलँड पाहिले, आगगाडीतून एक फेरी मारली आणि उन्हाचा ताव वाढल्यावर धाकट्या नातीला घेऊन खोलीवर आले. ती झोपली, मीही पाय पसरले. चार वाजता आम्ही दोघी ताज्यातवान्या होऊन पुन्हा गेलो आणि त्या वेळी आमची मोठी माणसे मात्र घामाघूम होऊन बाकावर बसली होती. तुमच्या मुलीची दुपारची झोप आणि सासूबाईंचे गुडघे या दोन्ही प्रश्नांना तेच उत्तर आहे. खोली जवळ असली की कोणालाच कोणासाठी थांबावे लागत नाही. पार्कात लागणारी ढकलगाडी आणि चाकाची खुर्ची भाड्याने मिळते का, तेवढे आधी विचारून ठेवा.

जेवणाचे सांगते. मी कांदा-लसूण खाते पण मांस-मासे नाही. सकाळच्या नाश्त्यात फळे, ब्रेड, कॉर्नफ्लेक्स, दूध, दही, भाज्या असे पुष्कळ असते आणि मुलांसाठी ठेंगणे टेबल असते, त्यावरून नातीने आपले आपण वाढून घेतले. तिने स्वतःच्या ताटलीत कलिंगडाच्या सात फोडी वाढल्या आणि सातही संपवल्या. घरी तिला एक भरवताना नाकी नऊ येतात. मलेशियात तमिळ वस्ती मोठी आहे, त्यामुळे जोहोरमध्ये इडली-डोसा आणि केळीच्या पानावरचा भात मिळतो. रोटी चनाई नावाची पापुद्र्यांची पोळी डाळीबरोबर देतात, ती मला फार आवडली. मात्र सावध राहा: साधा भात किंवा भाजी दिसली तरी चटणीत वाळवलेले मासे किंवा कोळंबीची पेस्ट असू शकते आणि डाळ कधी कधी मांसाबरोबर शिजवलेली असते. 'शाकाहारी' एवढे म्हणून भागत नाही, 'मासा नको, कोळंबी नको, मांसाचा रस नको' असे एकेक नाव घेऊन विचारावे लागते. मी मेथीचे ठेपले, दशम्या, लिंबाचे लोणचे आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. खोलीत किटली असते, तीत उकळलेल्या पाण्यात उपम्याचे तयार पीठ भिजवले की रात्रीची सोय होते. औषधे मूळ वेष्टनात ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असू द्या.

आणि एक. तुमच्या सासूबाईंना त्या तिजोरीच्या शोधात सामील करून घ्या. 'तुम्ही बसा, आराम करा' असे म्हणू नका. आम्हाला आरामासाठी घरी वेळ असतोच.

कळसूबाई (संगमनेर) यांचे उत्तर

मलेशियाचे ठरवण्यापूर्वी एक सुचवावेसे वाटते. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. पार्क, झोप, गर्दी, मोठ्या आवाजाचे खेळ हे सगळे तिला मानवते का, हे आधी घराजवळ पाहून घेता येईल. खोपोलीजवळचे इमॅजिका हे मनोरंजन पार्क २०१३ मध्ये सुरू झाले, त्याच्या दाराशीच २८७ खोल्यांचे हॉटेल २०१५ मध्ये आले आणि २०२२ पासून ते सर्व आमच्या संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. आम्ही पावसाळ्यानंतर तेथे एक रात्र राहिलो होतो आणि आमची चार वर्षांची मुलगी अंधाऱ्या दालनातील खेळांना इतकी घाबरली की पुढचा अर्धा दिवस कडेवरून उतरलीच नाही. हे नाशिकहून एका दिवसाच्या अंतरावर समजले ते बरे झाले. त्यानंतरच्या सहलीत आम्ही तिला अशा खेळांपासून दूर ठेवले आणि तिचे दिवस आनंदात गेले.

गोदाकाठ (नाशिक)

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. काकूंचा प्रतिसाद मी काल रात्री सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला आणि 'ठेपले मी करीन' एवढेच म्हणाल्या, तेव्हा त्यांच्यापुरता निर्णय झाला असे मी समजते. यजमानांनीही चोवीस जोडण्यांचे गणित मुलाबरोबर करून पाहिले. दोघे अकरापर्यंत पोहोचून झोपले.

आता तीन शंका उरल्या आहेत. आम्ही तीन प्रौढ आणि दोन मुले आहोत, तर एक खोली चालेल का? पाऊस आला तर दिवस फुकट जाईल का? आणि साडेतीन वर्षांच्या मुलीला पार्कात खरोखर काही करता येते, की तिने केवळ भावाकडे पाहत बसायचे? भोरघाट दादा, टाक्यांचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. मुलगी खालीच झोपेल, हे नक्की.

जुरोंगवासी (सिंगापूर) यांचे उत्तर

ताई, शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. धाकट्या भावंडाचा दिवस मोठ्याच्या मागे फरपटत जाऊ नये. लेगोलँडमधील खेळ मुख्यतः दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठी आहेत, म्हणून ती सोय तेथे चांगली आहे. ड्युप्लोचा (लेगोच्या मोठ्या आकाराच्या विटांचा) भाग पूर्णपणे लहानग्यांसाठी आहे. मुलांनी स्वतः विजेच्या छोट्या मोटारी चालवायच्या वाहनशाळेचे दोन विभाग आहेत, एक सहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी आणि दुसरा तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे दोन्ही मुले एकाच वेळी आपापल्या रस्त्यावर गाडी चालवतील. माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना लाल मोटारीत बसली, दोन्ही हातांनी चक्र घट्ट धरले आणि पहिल्याच वळणावर कडेला जाऊन थांबली. मागून येणाऱ्या मुलाला तिने हात वर करून थांबवले, कर्मचाऱ्याने गाडी सरळ करून दिल्यावरच पुढे निघाली, आणि उतरल्यावर सिंगापूरला पोहोचेपर्यंत आमच्या गाडीच्या चालकाला सूचना देत होती. मोठ्या झोक्यांसाठी आणि रोलर कोस्टरसाठी मात्र उंचीची अट असते. घरीच भिंतीवर पेन्सिलने दोघांची उंची मापून, संकेतस्थळावरील अटींशी पडताळून, कोणाला कोठे बसता येईल हे मुलांना आधी सांगून ठेवा. दाराशी उंची कमी भरली म्हणून परत फिरावे लागले की मुलांना फार लागते.

खोलीत साधारणपणे दोन प्रौढ आणि तीन मुले अशी सोय गृहीत धरलेली असते. बुकिंग करताना तिसऱ्या प्रौढ व्यक्तीची नोंद वयासह स्पष्टपणे करा आणि लेखी उत्तर घ्या. मुलांच्या पलंगावर आजी झोपतील असे मनाशी ठरवून जाऊ नका. लगतच्या दोन खोल्या घ्याव्या लागल्या तर खर्च वाढेल, तेव्हा हे आधीच कळलेले बरे. परदेशी पाहुण्यांना दर खोलीमागे दर रात्री दहा रिंगिट (मलेशियाचे चलन) पर्यटन कर वेगळा द्यावा लागतो, तो हॉटेलच्या दरात धरलेला नसतो. पार्कची तिकिटे खोलीच्या दरात आहेत का आणि असल्यास किती दिवसांची, हेही वाचून घ्या. त्या महिन्यात वॉटर पार्क कोणत्या दिवशी बंद असते ते वेळापत्रकात पाहून मगच रात्र निश्चित करा.

पावसाचे म्हणाल तर विषुववृत्ताजवळ असल्याने तेथे बाराही महिने पाऊस असतो आणि नोव्हेंबरपासून ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे तो वाढतो. पण आपल्याकडच्या आषाढासारखी झड नसते. बहुधा दुपारनंतर ढग भरून येतात, विजा चमकतात, तासभर कोसळतो आणि उघडतो. विजा चमकू लागल्या की उघड्यावरचे खेळ आणि पोहण्याचे हौद बंद करतात. म्हणून उघड्यावरचे सर्व सकाळी उरकावे. दुपारी पाऊस आला तर दिवसाच्या सहलीला आलेली मंडळी दुकानाच्या छपराखाली उभी राहतात आणि मुक्कामाला असलेली मुले विटांच्या हौदात असतात. पोहण्यासाठी सर्वांना पोहण्याच्या कापडाचेच कपडे न्या. सुती कपड्यांत पाण्यात उतरू देत नाहीत.

दिवसांची मांडणी मी अशी करीन. सिंगापुरातील पहिल्या तीन रात्री झाल्यावर चौथ्या दिवशी जेवण करून साडेबारा-एकला निघा, म्हणजे मुलगी गाडीत झोपेल. तीन-साडेतीनला पोहोचाल. त्या दिवशी पार्कात पाऊलही टाकू नका. विटांचा हौद, खोली, तिजोरी, लिफ्ट, संध्याकाळी हॉटेलातील पोहण्याचा तलाव आणि लवकर झोप. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून दहाच्या ठोक्याला पार्काच्या दारात. खोली अकरा-बाराच्या सुमारास सोडावी लागते, म्हणून सकाळीच सामान बांधून स्वागतकक्षात ठेवायला द्या. मात्र मग काकूंनी सांगितलेली दुपारची विश्रांती त्या दिवशी मिळणार नाही. तेव्हा खोली उशिरा सोडण्याची मुभा पैसे भरून मिळते का ते विचारा. मिळाली तर ती मुलगी आणि सासूबाई यांच्यासाठी जरूर घ्या. न मिळाल्यास एकच्या सुमारास त्या दोघींसह एका मोठ्या माणसाने स्वागतकक्षाच्या थंड दालनात थांबावे. परतीची गाडी सव्वासहाला सांगा.

दोन्ही देशांत तीन चौकोनी दांड्यांचा प्लग लागतो, त्याचा एक अडॅप्टर घेऊन ठेवा. आणि मुलाला ती वही बरोबर आणू द्या; नकाशा खोलीशी ताडून पाहायला त्याला लागेल.